मुलांसोबत टिकणारी माणसं

रेल्वेच्या फलाटावर एकटं सापडलेलं, घरातून निघून आलेलं किंवा मारहाणीतून सोडवलेलं मूल २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीसमोर हजर झालं पाहिजे. त्याच्या घरची परिस्थिती सांगणारा सामाजिक तपासणी अहवाल १५ दिवसांत आला पाहिजे आणि समितीची चौकशी चार महिन्यांत संपली पाहिजे. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ मध्ये या मुदती आहेत आणि त्या असायलाच हव्यात. मुदत नसली की मूल बालगृहात पडून राहतं, आणि आठ वर्षांच्या मुलाचं एक वर्ष आपल्या एका वर्षापेक्षा फार लांब असतं. पण ही मुदत पाळण्यासाठी जी व्यक्ती एसटीने तालुक्याला जाते, पत्ता शोधते, घरी बसून बोलते, रात्री परत येऊन अहवाल लिहिते, तिच्याकडे एका वेळी किती मुलं असावीत याची मर्यादा त्या कायद्यात नाही.

हा लेखसंग्रह त्या व्यक्तीबद्दल आहे. बाल संरक्षण अधिकारी, परिविक्षा अधिकारी, समुपदेशक, बालगृहाचे अधीक्षक, काळजीवाहक, १०९८ या चाइल्डलाइनच्या नंबरवर फोन घेणारी मुलगी, पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या) खटल्यात मुलासोबत कोर्टात बसणारी सहायक व्यक्ती, अशी बरीच पदं या एका कामात येतात. मुलांच्या दृष्टीने ही सगळी 'ताई', 'दादा', 'मॅडम' आणि 'सर' असतात. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. घर हरवलेल्या मुलाला सावरायला एक ओळखीचं, बराच काळ सोबत राहणारं मोठं माणूस लागतं. आपण मात्र मुलांच्या संरक्षणाची सगळी यंत्रणा अशी उभारली आहे की ते माणूस दोन-तीन वर्षांत थकून किंवा कंटाळून निघून जावं.

बाहेरून पाहणाऱ्याला गृहचौकशी म्हणजे भरायचा एक फॉर्म वाटतो. मुलाने सांगितलेला पत्ता बहुधा अर्धवट असतो. गावाचं नाव बरोबर, तालुका भलताच, आणि वडिलांचं घरातलं नाव हेच खरं नाव म्हणून सांगितलेलं. गावात उतरल्यावर आधी कुणाला विचारायचं हे नीट ठरवावं लागतं, कारण पारावर मुलाचं नाव घेतलं की संध्याकाळपर्यंत गावभर होतं की अमक्याचं पोर पोलिसांनी धरलंय. म्हणून कार्यकर्ती आधी अंगणवाडीत जाते, शाळेत जाते, आशाताईंना गाठते. मग घर. दारात सावत्र आई, आत झोपलेले वडील, कोपऱ्यात काही न बोलणारी आजी. यातलं खरं कोण बोलतंय, कोण घाबरलंय, मूल परत आलं तर पहिल्या आठवड्यात या घरात त्याचं काय होईल, याचा अंदाज तास-दीड तासात बांधायचा असतो, आणि समिती त्या अंदाजाच्या आधारे ऑर्डर काढते. अंदाज एका बाजूला चुकला तर मूल पुन्हा मारहाणीत जातं. दुसऱ्या बाजूला चुकला तर ज्या आजीने त्याला सांभाळलं असतं तिच्यापासून ते वर्षभर तुटतं. ही नजर अनुभवानेच येते. पुस्तकातून किंवा तीन दिवसांच्या प्रशिक्षणातून ती येत नाही.

आता हे काम करणाऱ्यांना आपण काय देतो ते पाहा. केंद्र आणि राज्य ६०:४० खर्चाने चालवत असलेल्या मिशन वात्सल्य योजनेत जिल्हा बाल संरक्षण कक्षातल्या सामाजिक कार्यकर्त्यासाठी महिन्याला १८,५३६ रुपये आणि क्षेत्रीय कार्यकर्त्यासाठी १०,५९२ रुपये धरले आहेत. पदं कंत्राटी. सामाजिक कार्यकर्त्यांची पदं जिल्ह्याला दोन. अहिल्यानगर जिल्ह्याचं क्षेत्रफळ १७ हजार चौरस किलोमीटरच्या वर आहे आणि तालुके १४. अकोल्याच्या डोंगरातल्या वाडीपासून जामखेडच्या टोकापर्यंतची मुलं या दोघांच्या वाट्याला येतात. एमएसडब्ल्यू झालेल्या, चांगली समज असलेल्या मुलीने लग्नानंतर, मूल झाल्यानंतर, घरभाडं वाढल्यानंतर या नोकरीत का राहावं, याचं प्रामाणिक उत्तर आपल्याकडे नाही. ती बँकेच्या परीक्षेला बसते किंवा एखाद्या कंपनीच्या सीएसआर विभागात जाते. तिच्या जागी नवी येते आणि पुन्हा अ-आपासून सुरुवात होते.

स्वयंसेवी बालगृहांत तर याहून अवघड आहे. तिथे अनुदान येतं ते मुलांच्या संख्येवर, त्यांच्या परिपोषणासाठी, आणि तेही अनेकदा उशिरा. काळजीवाहकाला किती द्यायचं हे संस्थेने देणग्यांमधून कसंबसं ठरवायचं. मुलांच्या जेवणासाठी देणगी देणारे भरपूर भेटतात. वाढदिवसाला केक आणि वह्या घेऊन येणारेही भेटतात. 'तुमच्या काळजीवाहकाचा पगार मी वर्षभर देतो' असं म्हणणारा देणगीदार मला क्वचितच भेटला आहे.

हे असं का झालं, याचं एक उत्तर आपल्या परंपरेत आहे, आणि ते मी आदराने मांडते आहे. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं आणि तिथे जन्मलेल्या एका मुलाला, यशवंतला, आपला मुलगा केलं. पंढरपुरात १८७५ मध्ये प्रार्थना समाजाच्या लोकांनी तशाच मुलांसाठी आश्रम उभा केला. पुढे अनेक स्त्री-पुरुषांनी स्वतःचं घर, शेत, तारुण्य या कामात घातलं. सिंधुताई सपकाळांना सगळा महाराष्ट्र 'माई' म्हणत होता, आणि ते योग्यच होतं. पण अशा विलक्षण माणसांकडे बघत बघत मुलांचं काम म्हणजे त्यागच, ही समजूत आपल्या मनात पक्की बसली. काम करणारा पगाराबद्दल बोलला की आपल्याला खटकतं. रजा मागितली की 'मुलांना कोण बघणार?' असा प्रश्न येतो. असामान्य माणसांच्या आयुष्यावरून शासनाच्या योजनेचा आकृतिबंध ठरवता येत नाही. राज्यातल्या शेकडो बालगृहांत शेकडो माई कुठून आणायच्या? तिथे चांगली, साधी, शिकलेली, संध्याकाळी स्वतःच्या घरी जाणारी माणसं हवीत, आणि ती दहा-पंधरा वर्षं राहायला हवीत.

आणखी एक परंपरा आपल्याकडे होती, तिच्याकडे मात्र आपण पाठ फिरवली. १९२४ साली मुंबई बालक कायदा झाला आणि १९२७ पासून चिल्ड्रन्स एड सोसायटी मुंबईत मुलांची गृहं चालवू लागली. डोंगरी आणि मानखुर्दची गृहं याच सोसायटीची. १९३६ मध्ये नागपाड्यात सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं, तेच आजचं टीआयएसएस, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस. मुलांचं काम हे शिकून करायचं काम आहे, त्याला शास्त्र आहे, हे तेव्हाच मान्य झालं होतं. पुढे १९९६ मध्ये याच संस्थेचा क्षेत्रकार्य प्रकल्प म्हणून जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने चाइल्डलाइन सुरू झाली आणि 'दस नौ आठ' हा नंबर रस्त्यावरच्या मुलांच्या तोंडी बसला.

समाजकार्याचं शिक्षण घेतलेल्या कुणालाही 'आयसी', म्हणजे इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स, माहीत असते. दर आठवड्याला क्षेत्रकार्याचा अहवाल लिहायचा आणि पर्यवेक्षक प्राध्यापकांसमोर एकट्याने बसून त्यावर बोलायचं. त्या मुलाला तू असं का विचारलंस? तो गप्प बसला तेव्हा तुला काय वाटलं? तुला राग आला होता का, आणि कुणाचा? दोन वर्षं हे चालतं. मग विद्यार्थी पदवी घेऊन नोकरीला लागतो, ज्या प्रसंगांची त्याला तोवर फक्त झलक दिसली होती ते रोज समोर येऊ लागतात, आणि नेमक्या त्याच दिवसापासून त्याच्याशी असं कुणी बोलत नाही. आढावा बैठक होते, पण तिथे प्रश्न असतो तो किती केसेस प्रलंबित, किती निकाली, पोर्टलवर किती भरल्या. विद्यार्थ्याला मिळणारं पर्यवेक्षण व्यावसायिकाला मिळू नये, ही या क्षेत्रातली मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट आहे. पगार वाढवायला तिजोरी लागते. महिन्यातून दोनदा एका अनुभवी माणसासोबत तासभर बसायला काय लागतं?

हे बोलणं का हवं, ते सांगायला हवं. पोक्सो कायदा २०१२ मध्ये आला, त्याच वर्षी १४ नोव्हेंबरपासून लागू झाला, आणि मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी मोठ्या संख्येने पुढे येऊ लागल्या. हे चांगलंच झालं. पण त्या प्रत्येक तक्रारीत कुणीतरी त्या मुलाचं ऐकून घेतलेलं असतं, पहिल्यांदा, तपशिलासकट, चेहरा न हलवता. ऐकणारी समुपदेशक सहा वाजता घरी जाते. मग तिला तिच्या मुलीला काकाकडे ठेववत नाही. शेजारचा मुलगा खेळायला आला तर तिचं सगळं लक्ष तिकडे. झोप उडते, नवऱ्याशी बोलता येत नाही, कारण मुलाची ओळख आणि गोष्ट बाहेर सांगायची नसते. काही जणींचं उलटं होतं. त्यांना काहीच वाटेनासं होतं. समोर मूल रडतंय आणि मनात पुढच्या फॉर्मचा विचार चालू आहे. त्या स्वतःलाच दोष देतात की आपण निर्दयी झालो. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये मदतीच्या व्यवसायांतल्या लोकांच्या या थकव्याला 'बर्नआऊट' म्हटलं, आणि चार्ल्स फिगली यांनी १९९५ मध्ये दुसऱ्याचा आघात ऐकून होणाऱ्या दमणुकीवर पुस्तक काढलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआऊट ही कामाच्या ठिकाणी निर्माण होणारी स्थिती असल्याचं नोंदवलं. तिचा उगम कामाच्या रचनेत आहे. आपल्याकडे मात्र अजूनही उपाय म्हणून कार्यकर्त्यांना योगासनांचं एखादं सत्र दिलं जातं आणि सोमवारी तीच फाइल, तीच एकटी गृहचौकशी.

एकटीने जाण्याचा धोका बालविवाहाच्या प्रकरणांत सर्वांत उघड दिसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न १८ वर्षांच्या आत झालेलं आढळलं. बीड आणि परभणीत हे प्रमाण ४० टक्क्यांच्या वर होतं. ऊसतोडीला जोडीने जायचं असतं, मुलगी मागे कुणाकडे ठेवायची हा प्रश्न असतो, म्हणून दिवाळीच्या आसपास घाईने लग्नं लावली जातात. फोन येतो तो अक्षता पडायच्या काही तास आधी. पोलिस आणि ग्रामसेवक सोबत असले तरी मंडपात पुढे होऊन मुलीशी बोलायचं असतं कक्षातल्या बाईने. लग्न थांबतं, जेवणावळ मोडते, दोन्ही घरांचा पैसा बुडतो आणि राग तिच्यावर साठतो. पोलिस परत जातात. पंधरा दिवसांनी मुलगी खरंच शाळेत जातेय का हे बघायला तिलाच त्या गावात जायचं असतं, एकटीला, शेवटच्या एसटीने परत यायच्या बेताने. 'शूर कार्यकर्ती' म्हणून तिचा सत्कार करण्यापेक्षा दुसऱ्या भेटीला तिच्यासोबत कुणीतरी जाईल अशी सोय केली तर ती पुढच्या वर्षीही हे काम करेल.

आता मुलांकडे येते, कारण हा सगळा विचार शेवटी त्यांच्यासाठीच आहे. बालगृहात आलेल्या मुलाला आधीच कुणीतरी सोडून गेलेलं असतं. त्याला माणसावर पुन्हा विश्वास टाकायला महिने लागतात. आधी ते खोटं नाव सांगतं, मग खरं. मग एखाद्या दुपारी, भांडी घासताना किंवा गच्चीवर कपडे वाळत घालताना, ते काळजीवाहक ताईला घरची गोष्ट सांगतं. समुपदेशनाच्या खोलीत जे सहा बैठकांत निघालं नाही ते तिथे निघतं. रात्री अंथरूण ओलं करणाऱ्या मुलाची चादर इतरांना कळू न देता बदलणारी तीच असते. मग एक दिवस ती दिसत नाही. तिचं कंत्राट संपलेलं असतं किंवा तिला दुसरीकडे दोन हजार जास्त मिळालेले असतात. मुलांना कुणी काही सांगत नाही. 'ताई सुट्टीवर गेल्यात' एवढंच. काही आठवड्यांनी मुलं विचारायचं थांबवतात, आणि नव्या ताईला पुन्हा खोटं नाव सांगितलं जातं.

अमेरिकेतल्या मिलवॉकी परगण्यात २००५ मध्ये झालेल्या एका पाहणीचे आकडे या क्षेत्रात बरेच उद्धृत होतात. संगोपन व्यवस्थेत आलेल्या ज्या मुलांचा कार्यकर्ता शेवटपर्यंत एकच राहिला, त्यांच्यातल्या ७४.५ टक्के मुलांना कायमचं घर मिळालं. कार्यकर्ता एकदा बदलला, म्हणजे दोन झाले, की हे प्रमाण १७.५ टक्क्यांवर आलं. यातून थेट निष्कर्ष काढताना जपून राहावं लागतं; ज्या मुलांचा प्रश्न मुळातच अवघड असतो ती जास्त काळ राहतात आणि साहजिकच त्यांच्या वाट्याला जास्त कार्यकर्ते येतात. तरीही एवढा मोठा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. मुलाचा इतिहास फाइलमध्ये अर्धाच असतो. त्याची मावशी फोनवर नीट बोलत नाही पण घरी गेलं की मनापासून बोलते, हे ज्याला माहीत असतं तो गेला की ती मावशीही त्या मुलाच्या आयुष्यातून जाते.

ही हानी व्यवस्थेच्या पातळीवरही होते. चाइल्डलाइन २०२३ मध्ये शासनाच्या यंत्रणेत आली. आधी देशभरातल्या शेकडो स्वयंसेवी संस्थांची पथकं ते काम करत होती, आता राज्य आणि जिल्हा पातळीवरचे कक्ष करतात. जबाबदारी शासनाने स्वीकारावी याला माझा विरोध नाही. उलट मुलांचं संरक्षण हे शासनाचंच कर्तव्य आहे. पण कोणत्या गाडीला घरातून निघालेली मुलं उतरतात, फलाटावरचा कोणता चहावाला फोन करतो, कोणत्या ठाण्यातले हवालदार मुलाशी गोड बोलतात, हे जाणणाऱ्या माणसांना नव्या रचनेत सामावून घेणं हे त्या बदलाचं पहिलं काम असायला हवं होतं. अनेक ठिकाणी तसं झालं नाही.

करोनाच्या काळातलं उदाहरण याच्या उलट आहे. २०२१ मध्ये राज्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली कृती दलं स्थापन झाली. दोन्ही पालक गमावलेल्या मुलांसाठी पाच लाखांची मुदत ठेव आणि बालसंगोपन योजनेचा आधार असे निर्णय झाले, आणि तीच मोजकी कंत्राटी माणसं घरोघरी जाऊन मुलांची यादी करत होती. त्या काही महिन्यांत त्यांना गाडी मिळत होती, तहसीलदार फोन उचलत होते, आरोग्य विभाग माहिती देत होता. त्या काळात काम केलेल्या अनेकांनी मला सांगितलं की भीती होती, दमणूक होती, तरी नोकरी सोडावीशी वाटली नाही. आपल्यामागे कुणीतरी उभं आहे हे त्यांना रोज दिसत होतं. या संग्रहातल्या लेखांत हे वेगवेगळ्या तोंडून पुन्हा पुन्हा आलं आहे, आणि वाचकांनी त्या जागांपाशी थांबावं अशी माझी इच्छा आहे.

रिकाम्या पदांबद्दल मी फार लिहीत नाही. २००५ साली दाखल झालेल्या संपूर्णा बेहुरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी २०१८ रोजी निकाल दिला आणि बाल न्याय व्यवस्थेतली पदं वेळेवर भरण्याचे निर्देश दिले. त्यानंतरही एका जिल्ह्याच्या समितीचा कार्यभार शेजारच्या समितीकडे देण्याची वेळ येते, आणि मूल व कार्यकर्ती दोघांनाही दुसऱ्या जिल्ह्याला हेलपाटे घालावे लागतात.

कंत्राटाची मुदत, वेतनश्रेणी, बढतीचा मार्ग हे राज्य आणि केंद्राने ठरवायचे विषय आहेत आणि त्यासाठी भांडत राहावं लागेल. पण २०२१ च्या दुरुस्तीनंतर बाल न्याय कायद्यात जिल्हाधिकाऱ्यांची भूमिका बरीच वाढली आहे, दत्तकविधानाचे आदेशही आता तेच देतात. मग काही गोष्टी जिल्ह्यातच होऊ शकतात. प्रवासाचे पैसे आधी द्यायचे, सहा महिन्यांनी बिल मंजूर करून नव्हे. जोखमीच्या गृहभेटीला दोघांनी जायचं. रात्री रेस्क्यू झालं तर दुसऱ्या दिवशी सुट्टी, आणि ती मागावी लागू नये. बाहेरचा एक अनुभवी पर्यवेक्षक नेमायचा, जो महिन्यातून दोनदा येईल आणि आकडे विचारणार नाही. जवळच्या समाजकार्य महाविद्यालयातून असं माणूस मिळू शकतं. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०२० मध्ये सुरू केलेल्या 'संवाद' उपक्रमाची प्रशिक्षणं मुलांसोबत काम करणाऱ्यांसाठीच आहेत, त्यांना जाणाऱ्या कार्यकर्त्याच्या केसेस त्या दिवसांत दुसऱ्या कुणीतरी बघायच्या. आणि कुणी नोकरी सोडत असेल तर किमान दोन आठवडे जुन्या आणि नव्या माणसाने एकत्र काम करायचं, मुलांना खरं कारण सांगायचं, जाणाऱ्या ताईने प्रत्येक मुलाचा स्वतः निरोप घ्यायचा आणि नव्या ताईशी त्याची ओळख करून द्यायची. या शेवटच्या गोष्टीला एका पैशाची तरतूद लागत नाही. ती अधीक्षकांच्या एका लेखी सूचनेने उद्यापासून सुरू होऊ शकते.